घासलेट कुणाचे?

आमच्या भंडारा जिल्ह्यात दिवाळी चार दिवसांत संपत नाही. लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज आटोपली, की गावोगाव मंडई भरू लागते; आज या गावची, उद्या त्या गावची. हलक्या धानाची कापणी उरकलेली असते, लेकी माहेरी आलेल्या असतात आणि जिलेबीच्या कढया व बांगड्यांची दुकाने यांतून वाट काढीत माणसे मांडवाकडे सरकत असतात. रात्री दंडार असते, नाही तर खडी गंमत. दोन शाहिरांचे फड समोरासमोर उभे राहून सवाल-जवाब करणार असले, तर तिला आम्ही दुय्यम खडी गंमत म्हणतो. दुय्यम असली, की पहाटेपर्यंत कोणी जागचे हलत नाही.

मी आठ-नऊ वर्षांचा असेन; म्हणजे १९८८ च्या आसपासची ही गोष्ट. शेजारच्या गावच्या मंडईत अशीच एक दुय्यम लागली होती. एका शाहिराने रूस घेतला होता, दुसऱ्याने अमरीका. एक म्हणे, आकाशात पहिला माणूस आम्ही धाडला. दुसरा म्हणे, चंद्रावर पाय आम्ही ठेवला. एक विचारी, भिलाईचा कारखाना कोणी उभारून दिला? दुसरा विचारी, दुष्काळात गव्हाची जहाजे कोणी पाठवली? बॉम्बला बॉम्ब, अग्निबाणाला अग्निबाण आणि डफाला डफ भिडत होता. आम्ही पोरे कधी याच्या बाजूने ओरडत होतो, कधी त्याच्या. पहाट व्हायला आली तेव्हा सोंगाड्या मध्ये घुसला. त्याने दोन्ही शाहिरांना हात जोडले, वर टांगलेल्या गॅसबत्तीकडे बोट केले आणि म्हणाला, “रातभर तुमी दोघं भांडून राहिले बाप्पा, पण ह्या बत्तीतलं घासलेट कोणाचं हो?”

सारा मांडव हसला. घासलेट गावाच्या वर्गणीचे होते.

तो विनोद तेव्हा मला अर्धामुर्धाच कळला. पुढे वाचनाची गोडी लागली, लिहिण्याची खोड जडली आणि रशिया व अमेरिका यांच्या हाडवैरावर मराठीत जे काही हाती लागले, ते वाचीत गेलो. दुसऱ्या महायुद्धानंतर धुमसू लागलेले आणि १९९१ साली सोव्हिएत संघ मोडला तेव्हा विझले असे आपण समजलो, ते हे वैर. त्याला आपण ‘शीतयुद्ध’ म्हणतो. या सर्व वाचनात मी त्या सोंगाड्याचा प्रश्न शोधत आलो आहे. तो फार थोड्या ठिकाणी सापडला. आणि जेथे तो हमखास सापडायला हवा होता, त्या एका पुस्तकात तर मुळीच नाही. ते पुस्तक माझेच आहे. तेव्हा आजच्या या टीकालेखात इतरांवर चार शब्द बोलण्यापूर्वी स्वतःची झडती द्यावी, हे बरे.

* * *

मी बपेऱ्याचा. तुमसर तालुक्याच्या टोकाला आमचे गाव आहे. बावनथडी ओलांडली, की मध्य प्रदेशातला बालाघाट जिल्हा लागतो. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, म्हणजे आजच्या भाषेत दहावीपर्यंत. पुढे चित्रकलेच्या परीक्षा दिल्या आणि चित्रकलेचा मास्तर झालो. रशिया मला प्रथम भेटला तो वह्यांच्या पुठ्ठ्यांवर. ‘सोव्हिएत देश’ नावाचे नियतकालिक तेव्हा मराठीतही निघत असे. त्याची गुळगुळीत, रंगीत पाने वह्यांना कव्हरे घालायला फार उत्तम. माझ्या गणिताच्या वहीवर गव्हाच्या शेतात उभी असलेली एक गोबऱ्या गालांची बाई होती. ती वर्षभर माझ्याकडे पाहून हसत राहिली आणि मी वर्षभर गणितात नापास होत राहिलो. रंगसंगतीचे पहिले धडे मी त्या कव्हरांवर गिरवले, हे उपकार नाकारता येत नाहीत. परंतु त्या शेतातल्या बाईच्या अंगावर घामाचा एक थेंबही नव्हता, हे ध्यानात यायला बरीच वर्षे जावी लागली.

तिशी ओलांडल्यावर मी खाणींवर एक कादंबरी लिहिली. आमच्या तालुक्यात चिखला, डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत. माझी आजी ऐन तरुणपणी अशाच एका खाणीवर गोटा फोडायला आणि निवडायला जात असे. १९५० नंतरची ती वर्षे. माझ्या कादंबरीत लाल झेंडा खांद्यावर घेतलेला एक तेजस्वी कामगार पुढारी होता, टोपी घातलेला एक अमेरिकन खरेदीदार होता, दोघांच्या मध्ये वाकणारा एक मुनीम होता आणि संवाद तर भरपूरच होते. एका परीक्षणात तिच्या ‘जागतिक भाना’ची तारीफही झाली. मी हुरळून गेलो. बायकोने रोज संध्याकाळी दोन-दोन प्रकरणे आजीला वाचून दाखवली. आजीने शेवटचे पान होईपर्यंत मुकाट्याने ऐकले आणि मग मला विचारले, “भाषणं लय आहेत बाबू. पण गोटा कुठं आहे? टोपल्यात घेतला का मान कशी दुखते, थे कुठं आहे?”

हिच्याहून कठोर समीक्षा माझ्या वाट्याला अजून आलेली नाही. आणि हिच्याहून न्याय्यही नाही.

* * *

आजीचा हा गोटा गेला कुठे, हे मी कादंबरी छापून झाल्यावर शोधू लागलो. उलटा क्रम झाला खरा. पण आपल्याकडे पुष्कळ कादंबऱ्या याच क्रमाने होतात.

पोलाद करायचे तर मँगनीज लागतेच. वितळलेल्या लोखंडातला नको असलेला प्राणवायू आणि गंधक ते ओढून घेते. त्याच्यावाचून पोलाद ठिसूळ होते. रेल्वेचा रूळ असो, पूल असो की रणगाडा, थोडे का होईना, मँगनीज त्यात असतेच. अमेरिकेजवळ लोखंड होते, कोळसा होता, पैसा होता. चांगल्या प्रतीचे मँगनीज मात्र नव्हते. दुसऱ्या महायुद्धानंतर तिच्या गरजेचा मोठा हिस्सा रशियाच पुरवीत होता. म्हणजे ज्याच्याशी दोन हात करायचे, त्याच्याच घरून तलवारीचे लोखंड आणायचे! १९४८ साली बर्लिनची कोंडी झाली, वैर हातघाईवर आले आणि रशियाने हा माल आखडता घेतला. अमेरिकेने मग जगभर नजर फिरवली. ती नजर येऊन थांबली नागपूर, भंडारा आणि बालाघाट या जिल्ह्यांतून जाणाऱ्या काळ्या दगडाच्या पट्ट्यावर. पुढल्या काही वर्षांत अमेरिकेला मँगनीज पुरवणाऱ्या देशांत भारत पुढे आला.

त्याच सुमारास आपल्याकडे धान्याची टंचाई होती. १९५० च्या अखेरीस नेहरूंच्या सरकारने अमेरिकेकडे वीस लाख टन धान्य मागितले. तेथल्या प्रतिनिधींनी त्यावर महिनोन्महिने चर्चा केली. हा देश आपल्या बाजूने बोलत नाही, मग त्याला गहू का द्यावा, असे काहींचे म्हणणे. द्यायचाच तर बदल्यात मँगनीज आणि अणुशक्तीला उपयोगी पडणारे मोनाझाइट घ्यावे, असे इतरांचे. अखेर जून १९५१ मध्ये ट्रूमन यांची सही होऊन एकोणीस कोटी डॉलरचे कर्ज मंजूर झाले. मध्यंतरी रशिया आणि चीन यांनीही धान्य देऊ करून आपला हात मोकळा असल्याचे दाखवले. भुकेल्याच्या दारात दोन सावकारांनी एकमेकांकडे पाहत उभे राहावे, तसा तो प्रकार होता.

आता आगगाडीची एक गंमत पाहा. आमच्या खाणींचा माल तिरोडीकडून येणाऱ्या फाट्याने तुमसर रोड स्टेशनावर येतो आणि तेथे मुंबई-हावडा मोठ्या मार्गाला मिळतो. १९५५ साली भिलाईचा करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी रशियाच्या मदतीने उभ्या राहिलेल्या या कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. भिलाई याच मार्गावर आहे. निर्यातीचा माल विशाखापट्टणमच्या बंदराला न्यायचा, तर तोही याच रुळांनी रायपूरपर्यंत जाणार आणि तेथून वळणार. म्हणजे अमेरिकेच्या भट्टीसाठी निघालेली वाघीण रशियाने उभारून दिलेल्या भट्टीच्या दारावरून धडधडत जाणार! एकाच आजीने फोडलेला, एकाच टोपलीत भरलेला गोटा. त्याचा अर्धा भाग एका पक्षाला, अर्धा दुसऱ्याला. त्या गोट्याला यातले काही ठाऊक नव्हते. आजीलाही नव्हते. तिला इतकेच ठाऊक होते, की मोजून लावलेल्या ढिगावर मजुरी मिळते आणि ढीग ढासळला तर पुन्हा लावावा लागतो.

ही खरी कादंबरी माझ्या दारात पडली होती, आणि मी टोपीवाला अमेरिकन रंगवीत बसलो होतो!

* * *

माझ्या अपराधाची कबुली झाली. आता मराठी वाङ्मयाकडे वळतो.

या दोन महासत्तांकडे मराठी लेखकाने पाहिले ते बहुधा पाहुणा म्हणून. कोणी एका घरी गेला, कोणी दुसऱ्या. आणि परत आल्यावर प्रवासवर्णन लिहिले. अनंत काणेकरांच्या पुस्तकाचे नाव पाहा: ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’. महायुद्ध सुरू झाल्यानंतर, १९४० साली ते प्रसिद्ध झाले. धुके कोणते आणि तारा कोणता, हे सांगायला नको. रशियाकडे पाहणाऱ्या त्या पिढीचे सारे मन या तीन शब्दांत मावले आहे. तारा दुरून पाहायचा असतो; त्याच्या उजेडात कोणी धान निवडत नाही. काणेकरांची भाषा आजही ताजी वाटते, तिच्यातला खट्याळपणा हवाहवासा वाटतो. परंतु नावातच जो निकाल लागला आहे, त्यावर पुस्तकात अपील होत नाही.

पश्चिमेच्या घरी जाऊन आलेल्यांत गंगाधर गाडगीळांचे ‘साता समुद्रापलीकडे’ मला आवडते. अर्थशास्त्राचा प्राध्यापक आणि नवकथाकार अशा दोन चष्म्यांतून हा लेखक पाहतो, त्यामुळे दिपून जाणे त्याला सहसा जमत नाही. तरीही ‘आपण येथे पाहुणे आहोत’ ही जाणीव त्या पानांवर असतेच. पाहुण्याला माजघर दाखवतात, न्हाणीघराची मोरी दाखवीत नाहीत. यात यजमानाचा दोष नाही. आपणही दिवाळीला पाहुणे येणार म्हटले, की अडगळ माळ्यावर टाकतोच की! मात्र पाहुण्याने घरी परतून लिहिताना माळ्याची आठवण ठेवावी, एवढीच अपेक्षा.

आता अण्णा भाऊ साठ्यांकडे येतो. त्यांच्याविषयी लिहिताना माझा हात थोडा अडखळतो, कारण माझे त्यांच्यावर प्रेम आहे. वाटेगावात १ ऑगस्ट १९२० रोजी जन्मलेला, शाळेत दीड दिवसच टिकलेला हा माणूस मुंबईत गिरणीकामगारांमध्ये राहून लेखक झाला. मॅट्रिकवाल्या मास्तराला दीड दिवसाच्या शाळेचा अभिमान वाटावा, यात नवल ते काय? १९४३ च्या सुमारास त्यांनी ‘स्टालिनग्राडचा पवाडा’ रचला. स्टालिनग्राड हे वोल्गेच्या काठचे गाव त्यांनी तोवर पाहिलेले नव्हते. परंतु पवाडा ज्या मातीतून आला, तिथे वेढा पडलेला गड आणि तो लढवणारी साधी माणसे शतकानुशतके ओळखीची आहेत. त्या ओळखीच्या साच्यात अण्णा भाऊंनी परकी लढाई ओतली आणि ती चाळीतल्या माणसाची होऊन गेली. हिटलरच्या फौजा जेथे अडल्या, त्या गावाचे नाव मुंबईच्या गिरणगावात घुमले ते वर्तमानपत्रामुळे कमी आणि डफामुळे जास्त. पवाडा येथे उसन्या श्रद्धेवर उभा नाही. तो आपल्या पायांवर उभा आहे.

त्यानंतर १९६१ साली ते प्रत्यक्ष रशियाला गेले आणि ‘माझा रशियाचा प्रवास’ हे छोटेखानी पुस्तक त्यांनी लिहिले. ते मी तीनदा वाचले आहे. पहिल्यांदा भारावलो, दुसऱ्यांदा चिडलो, तिसऱ्यांदा शांतपणे वाचले. चिडण्याचे कारण असे. १९५६ साली ख्रुश्चेव्ह यांनीच स्टालिनच्या काळातल्या अत्याचारांचा पाढा वाचला होता. ज्या १९६१ साली अण्णा भाऊ तेथे गेले, त्याच साली ऑगस्टमध्ये बर्लिनच्या मधोमध भिंत उभी राहिली आणि ऑक्टोबरच्या अखेरीस रशियाने इतिहासातला सर्वांत मोठा हैड्रोजन बॉम्ब उडवून पाहिला. या गोष्टींचे ओझे त्या पुस्तकावर पडलेले मला दिसत नाही. ज्या लेखकाने आपल्या कथांमधून पोलिसाच्या दंडुक्याचा आवाज इतका हुबेहूब ऐकवला, त्याला तेथल्या दंडुक्याची चाहूल लागू नये, याची मला खंत वाटते.

परंतु तिसऱ्या वाचनात दुसरेही काही दिसले. हा पाहुणा निराळा आहे. तो गेला आहे चिरागनगरच्या झोपडीतून आणि ती झोपडी तो बरोबर घेऊन फिरतो आहे. रुंद रस्ता, स्वच्छ घर, नीटनेटकी माणसे पाहताना ‘हे आमच्या वाट्याला कधी येणार?’ हा एकच प्रश्न त्याच्या मनात आहे. त्याने रशियाला पुरते तपासले नाही, हे खरे. पण मुंबईला मात्र त्याने रशियाच्या उजेडात पुरते तपासले. म्हणून प्रवासवर्णन म्हणून ते पुस्तक अपुरे असले, तरी एका उपाशी माणसाच्या स्वप्नाचा दस्तऐवज म्हणून ते टिकेल. सोंगाड्याचा प्रश्न त्यात उघड विचारलेला नाही. परंतु वर्गणी भरणाऱ्यांचा तोंडवळा त्यात दिसतो. सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोत अण्णा भाऊंचा पुतळा बसला. ज्या देशाला त्यांनी पवाडा वाहिला, तो देश तोवर जगाच्या नकाशावरून नाहीसा होऊन एकतीस वर्षे होत आली होती. पुतळ्याला उशीर होतो. झोपडीतला माणूस तर १८ जुलै १९६९ रोजीच, अवघ्या एकोणपन्नासाव्या वर्षी गेला.

* * *

पाहुणचारावरून आठवले. शीतयुद्धाच्या काळात दोन्ही यजमानांनी साहित्यिकांसाठी पाने मांडली होती, आणि पान कोणी मांडले हे जेवणाऱ्याला नेहमी कळत होतेच असे नाही. मॉस्कोहून छापलेली मराठी पुस्तके कागदाच्या किमतीतही महाग पडणार नाहीत इतक्या स्वस्तात येत. निदान तेथे देणाऱ्याचे नाव पहिल्या पानावर असे. दुसऱ्या बाजूने ‘काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम’ ही संस्था जगभर परिषदा भरवी, नियतकालिके चालवी. मार्च १९५१ मध्ये तिची परिषद मुंबईत भरली. लेखकाच्या स्वातंत्र्याबद्दल तेथे जे बोलले गेले, ते मोलाचेच होते. पुढे १९६६-६७ साली बाहेर आले, की या संस्थेला अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याकडून पैसा मिळत होता. कित्येक प्रामाणिक लेखकांना त्याचा पत्ताही नव्हता. स्वातंत्र्यावरची भाषणे खरी होती. घासलेट तेवढे चोरून आणलेले होते.

या सर्व गलबल्यात मला दिलासा देणारे एक नाव आहे, प्रभाकर ऊर्ध्वरेषे. गॉर्कीची ‘आई’ त्यांनी मराठीत आणली. पोटच्या पोराच्या वाटेने जाता जाता शहाणी होत गेलेली ती अडाणी बाई मराठी घरांत पोचली ती त्यांच्या शब्दांतून. आणि त्याच माणसाने पुढे कम्युनिस्ट पक्षात घालवलेल्या आपल्या उमेदीच्या काळाबद्दल ‘हरवलेले दिवस’ लिहिले. ही दोन पुस्तके मी शेजारी-शेजारी ठेवतो. एका हाताने श्रद्धा दिली, दुसऱ्या हाताने तिचा हिशेब दिला. आणि हिशेब देताना शत्रूच्या ओसरीवर जाऊन बसले नाहीत. पक्ष सोडणारे पुष्कळ असतात. पक्ष सोडल्यावर दुसऱ्या पक्षाचा डफ हाती न घेणारे विरळा.

* * *

एका थोर माणसाचे नाव अजून घ्यायचे आहे आणि त्याचा आमच्या जिल्ह्याशी जवळचा संबंध आहे. १९५४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीला उभे होते. मतदारसंघ दोन जागांचा होता. बाबासाहेब हरले, सर्वसाधारण जागेवर समाजवादी अशोक मेहता निवडून आले. त्या प्रचारात बाबासाहेबांनी नेहरूंच्या परराष्ट्रनीतीवरही टीका केली होती. धानाच्या बांध्यांमधल्या या जिल्ह्यात, जेथले दगड अमेरिकेला जात होते तेथेच, जगाच्या वैराविषयी एवढा मोठा माणूस बोलून गेला, हे आमच्या पाठ्यपुस्तकांत कोठे नाही.

त्याच वर्षी २६ ऑगस्टला राज्यसभेत त्यांनी परराष्ट्रनीतीवर भाषण केले. कम्युनिझम आणि मुक्त लोकशाही एकत्र नांदू शकतील काय, हा त्यांचा सवाल होता आणि उत्तर बहुतांशी नकाराचे होते. कम्युनिझमला त्यांनी वणव्याची उपमा दिली. तिबेटच्या बाबतीत चीनवर विश्वास टाकू नये, असेही बजावले. आठ वर्षांनी, ऑक्टोबर १९६२ मध्ये, इकडे चीनने हल्ला केला आणि तिकडे क्यूबावरून रशिया व अमेरिका अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर आले. तेव्हा त्या इशाऱ्याची आठवण पुष्कळांना झाली असेल. तरीही वाचक म्हणून मला त्या भाषणात एक उणीव जाणवते. वणवा त्यांना एकाच रानात दिसतो. दुसऱ्या रानातला धूर, गहू देताना घातलेल्या अटी, वसाहती सोडताना केलेली खळखळ, ही तिथे मागे पडते.

पण नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूला जागतिक बौद्ध परिषदेत ते बुद्ध आणि कार्ल मार्क्स यांवर बोलले, तेव्हा तराजूची दोन्ही पारडी त्यांच्या हातात होती. महिनाभर आधीच, १४ ऑक्टोबरला, नागपूरला धर्मांतर झाले होते. आमच्या भागातून माणसे मिळेल त्या वाहनाने आणि पायी गेली होती. काठमांडूच्या भाषणापूर्वी अवघे काही दिवस रशियाचे रणगाडे बुडापेस्टमध्ये घुसले होते आणि त्याच आठवड्यात इंग्लंड व फ्रान्स यांनी सुवेझवर बॉम्ब टाकले होते. अशा वेळी हा माणूस ‘कोणाच्या बाजूचे?’ हा प्रश्नच बाजूला सारतो. पिळवणूक नाहीशी व्हावी हे मार्क्सचे साध्य त्याला मान्य आहे. बुद्धाचेही तेच, असे तो दाखवतो. त्याचे बोट आहे ते साधनावर. माणसाला मारून, दडपून साध्य गाठायचे, की त्याचे मन वळवून? आणि जबरदस्ती उठली, की मागे काय उरणार? तीन आठवड्यांत, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले. पस्तीस वर्षांनी जबरदस्ती उठली आणि मागे काय उरले, ते जगाने पाहिले.

भाषण मूळ इंग्रजीतले, विषय धर्म आणि राज्यशास्त्र. त्याला टीकालेखात का आणले, असे कोणी विचारील. आणण्याचे कारण माझ्या कादंबरीत आहे. ते भाषण वाचून मी माझे पुस्तक पुन्हा उघडले आणि मला दिसले, की साधनाचा विचार मीही केला नव्हता. माझा लाल झेंडेवाला पुढारी प्रत्येक वादात जिंकत होता, कारण समोरच्याला मी बोलूच देत नव्हतो. अमेरिकन खरेदीदाराला मी माणूस होऊ दिले नव्हते. मुनिमाला पोरेबाळे दिली नव्हती. आणि खाणीवरच्या बायांना तर रांगेत उभे करून टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. कामगारांचे राज्य आणणाऱ्या त्या तीनशे पानांत मी स्वतः हुकूमशहा होऊन बसलो होतो. ज्या पुस्तकात पात्रांना तोंड उघडायची मुभा नाही, त्याने स्वातंत्र्याची किंवा समतेची, कोणाचीच बाजू घेऊ नये. वाङ्मयातल्या पक्षाभिमानाची खरी खोड ही आहे. लेखकाने पक्ष घेतला म्हणून पुस्तक बिघडत नाही. पक्षाने गोट्याची जागा घेतली, की बिघडते.

* * *

हे वैर संपले असे १९९१ साली आपण म्हणालो. आता दुसऱ्या नावांनी, दुसऱ्या जोड्यांनी ते पुन्हा उभे राहत आहे. आणि भांडण पुन्हा खनिजांवर येऊन ठेपले आहे. मोटारीच्या बॅटऱ्यांना कोणकोणती खनिजे लागतात, त्यांच्या याद्या वर्तमानपत्रांत येतात आणि त्यांत मँगनीजचेही नाव असते. आमच्या डोंगरी बुजुर्गचे मँगनीज तर बॅटरीच्या सेलमध्ये फार पूर्वीपासून जात आले आहे. १९७१ च्या डिसेंबरात अमेरिकेचे सातवे आरमार बंगालच्या उपसागराकडे निघाल्याची बातमी गावकऱ्यांनी ज्या रेडिओवर ऐकली, त्याच्या सेलमध्येही कदाचित आमच्याच मुलखातला काळा भुगा असेल. आरमार येते आहे हे ऐकून गाव घाबरले होते, असे जुनी माणसे सांगत. रशिया आपल्या बाजूने आहे, एवढाच धीर होता. सेल कशाचा केलेला असतो, हे मात्र कोणी विचारले नाही.

आजी आता नाही. ती गेल्यावर तिच्या खोलीच्या दाराशी एक काळा गोटा सापडला. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून ती तो लावून ठेवीत असे. मुठीपेक्षा थोडा मोठा, पण उचलायला गेले की चकित व्हावे इतका जड. गेल्या दिवाळीत मी माझ्या वर्गातल्या मुलांसमोर तो ठेवला आणि याचे चित्र काढा म्हटले. बहुतेकांनी काळा रंग भरून वही मिटली. एका मुलीने मात्र आधी गोटा हातात घेतला, मग डोक्यावर ठेवून पाहिला, मान थोडी वाकडी केली आणि मग कागदावर गोट्याऐवजी एका बाईची मान काढू लागली.

कादंबरी मी पुन्हा लिहायला घेतली आहे. पहिल्या प्रकरणात अजून एकही भाषण आलेले नाही.